टावरखाली पेटलेली ट्यूब

परीक्षकांनी बुधीच्या हातातली ट्यूब घेतली. कानाशी नेऊन हलवली. बाजारात नारळ हलवून बघतात तशी.

"बाळ, ही तर उडालेली ट्यूब आहे."

"हां सर."

"मग पेटते कशी?"

"टावरखाली उभी धरली का पेटते."

"वायर कुठंय?"

"वायर नाय."

"चोक? स्टार्टर?"

"काय नाय सर. नुसती हातात."

परीक्षक मागं वळले. शहापुरातल्या एका मोठ्या शाळेचं सभागृह होतं. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. टेबलांवर ज्वालामुखी, पवनचक्क्या, थर्माकोलचे धबधबे. इस्त्रीच्या गणवेशातली मुलं. परीक्षक म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सज्जन माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत. तेव्हाही चढवला नाही. हसून म्हणाले,

"म्हणजे आकडा टाकला म्हणा की!"

सगळं सभागृह हसलं. तारेवर हूक टाकून वीज चोरायची, त्याला आमच्याकडं आकडा म्हणतात. पाहुणे म्हणून आलेले वीजखात्याचे साहेब सगळ्यांत जास्त हसले.

"आमी चोरी नाय केली," बुधी म्हणाली.

"अगं, वाडीत लाईट नाही म्हणतेस आणि ट्यूब पेटते म्हणतेस. दोन्हीतलं एक काहीतरी खरं सांग." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काय गुरुजी? तुम्ही स्वतः पाहिलंय?"

बुधीनंही माझ्याकडं पाहिलं. घाबरून नाही. निवांत. आता सर सांगतील आणि झालं, अशा नजरेनं.

मी म्हणालो, "नाही सर. पोरं काहीतरी ऐकून आली असतील."

मी पाहिलं होतं. ट्यूब मीच आणली होती.

हे सगळं, त्यामागच्या कारणासकट, मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं, तेही अर्धं. मी फार बोलणारा माणूस नाही. न बोलण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. आता पन्नाशी आली. आता बोलतो.

मी मुरबाडकडचा. डोंगराखालच्या ठाकूरवाडीतला. बाप बैल राखायचा आणि पावसात दुसऱ्यांच्या खाचरात भाताचं आवण लावायचा. नव्वदच्या दशकात मी बीएस्सी केलं. आमच्या वाडीतला पहिलाच. कॉलेजात पदार्थाच्या चौथ्या अवस्थेवर एक पाठ होता. प्लाझ्मा. मला काही कळला नाही म्हणून तास संपल्यावर मी सरांना विचारायला गेलो. ते फडका झटकत म्हणाले, "तुमच्या लोकांना पास होण्यापुरतं आलं तरी चालतं. कशाला डोकं शिणवता?" मी "बरं सर" म्हणालो. माझ्या आयुष्यात किती "बरं सर" झाले, त्याला हिशोब नाही.

पुढं बीएड झालं. शेणव्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला लागलो. शिक्षणसेवक. म्हणजे काही वर्षं मानधनावर राबायचं, वरच्यांनी शेरा चांगला दिला तर कायम, नाही तर घरी. शेरा मोठ्या सरांच्या हातात. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. शाळेच्या आवारातच राहायचे. मीही आवारातच राहायचो, पत्र्याच्या खोलीत. सकाळी दार उघडलं की समोर त्यांची खिडकी. मी किती वाजता उठतो, कुणाशी बोलतो, कुठं जातो, सगळं त्या खिडकीतून दिसायचं. बाप म्हणायचा, "साहेबाच्या तोंडाला तोंड नको लावू रे. कायम हो, मग बोल." कायम हो, मग बोल. हा मंत्र आमच्या घरात देवासारखा होता.

बुधी आठवीत होती. कातकऱ्यांची पोर. आईबाप कोळसा पाडायला जंगलात जायचे, दिवाळी झाली की भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. ती वसतिगृहात राहायची. तिला प्रश्न फार. मी पुस्तकातलं वाचून दाखवत होतो, सूर्य हा तप्त वायूचा गोळा आहे. तिनं हात वर केला.

"सर, कोळशाची भट्टी लावली तर चार दिवस धूर. सूर्य येवढा पेटलाय. त्याचा धूर कुठं जाते?"

वर्ग हसला. मीही हसलो असतो. पण मला उत्तर येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. रात्री जुनी पुस्तकं काढली. कॉलेजातला तो पाठ पुन्हा वाचला. या वेळी विचारायला कुणी नव्हतं, म्हणून पुन्हा पुन्हा वाचला. आणि कळला. फडकेवाल्या सरांशिवाय कळला.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, सूर्य जळत नाही. जळायला हवा लागते, तिथं हवा नाही. तिथं हायड्रोजनचे कण एकमेकांवर आदळतात. ते एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, दूर ढकलतात. पण दाब एवढा आणि उष्णता एवढी, की शेवटी चिकटतातच. चिकटताना त्यांचं थोडंसं वजन हरवतं. जे हरवतं त्याचा उजेड होतो. म्हणून धूर नाही.

"मंग राख?" बुधीनं विचारलं.

"राख आहे. तिला हेलियम म्हणतात. जत्रेत वर जाणाऱ्या फुग्यात भरतात तो."

त्या दिवशी वर्ग सुटला तरी पोरं उठेनात. मी सांगत राहिलो. एवढ्या तापात अणू शाबूत राहत नाही, त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात. ना घन, ना द्रव, ना वायू. ही चौथी अवस्था. माणसं सूर्यातली ही भट्टी इथं जमिनीवर लावायच्या खटपटीत आहेत. ती लागली तर धूर नाही, कोळसा नाही, जंगल तोडणं नाही. बुधी म्हणाली, "मंग माझा बाबा काय करेल?" पुन्हा सगळे हसले. तो विनोद नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

पण पुस्तकात अवस्था तीनच होत्या. पोरं म्हणाली, दाखवा चौथी. दाखवू काय? प्रयोगशाळेचं कपाट होतं, त्याला कुलूप होतं, किल्ली मोठ्या सरांकडं. कपाटात बशा आणि एक फुटकी भिंगाची काच. तेव्हा बुधीच म्हणाली, "सर, आमच्या वाडीच्या टावरखाली छत्री धरली का दांड्याला मुंग्या येतात."

तिच्या वाडीवरून उच्च दाबाची लाईन गेली होती. मोठाले टावर. वीज जायची मुंबईच्या बाजूला. खाली वाडीत चिमणी. रॉकेल मिळालं तर चिमणी, नाही तर चुलीचाच उजेड. संध्याकाळी दमट हवेत त्या तारा चरचरायच्या. पोरं त्या आवाजाखाली जन्मली, त्या आवाजाखाली झोपली. मुंग्या का येतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला एकदम सुचलं. कॉलेजात कुणीतरी म्हणालेलं आठवलं. शहापुरात एका मंगल कार्यालयाच्या मागं उडालेल्या ट्यूब टाकलेल्या होत्या. त्यातल्या तीन धडक्या निवडल्या. काच फुटलेली नसली म्हणजे झालं, आतला वायू शाबूत असतो. गोणपाटात गुंडाळून एसटीनं आणल्या.

संध्याकाळी आठवीचा अख्खा वर्ग घेऊन मी निघालो. सोबत स्वयंपाकाची मावशी. मोठे सर त्या दिवशी ठाण्याला गेले होते. परवानगी मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितली नाही. दिवस बुडाला. खाचराच्या बांधावर आम्ही उभे. मी बुधीला ट्यूब दिली. म्हणालो, उभी धर.

ती पेटली.

हातात. तार नाही, काही नाही. दुधाळ निळा उजेड, थरथरणारा. बुधीनं हात वर सरकवला तसा उजेडही हाताच्या वर वर सरकत गेला.  मग मावशी ओरडली, "अगो बाय, मेलेलीला जीव आला गो!" आणि पोरं नाचायलाच लागली. बुधी तेवढी नाचली नाही. ती ट्यूबकडं बघत होती.

"सर, ही गरम का नाय?"

"आत कण फार थोडे आहेत. म्हणून हाताला लागत नाही. पण सूर्यात आहे ती हीच जात."

"सूर्य माझ्या हातात हाय?"

"त्याची अवस्था आहे."

त्या संध्याकाळी मी सुखी होतो. आयुष्यात मास्तर म्हणून पहिल्यांदा. विज्ञान प्रदर्शनाला हेच न्यायचं, असं बुधीनं ठरवलं. मी तिला म्हणालो, "ट्यूब तिथं पेटणार नाही. तू फक्त सांग. कुणी शंका काढली तर मी आहे मागं."

मी आहे मागं. आणि मी मागंच होतो. टेबलाच्या मागं.

'नाही' का म्हणालो? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की त्याची उत्तरं मला पाढ्यासारखी पाठ आहेत. हो म्हणालो असतो तर वसतिगृहाच्या पोरी दिवस बुडाल्यावर बाहेर नेल्या हे निघालं असतं. टावरच्या पायावर कवटीचं चित्र आहे, धोका लिहिलेलं आहे, तिथं पोरं नेली हे निघालं असतं. वीजखात्याचे साहेब समोर. मोठे सर बाजूला, पेढ्याचा कागद चुरगाळत. शेरा त्यांच्या हातात. हे सगळं एका श्वासात डोक्यात आलं. खरं आहे.

पण त्याच्याही खाली एक गोष्ट होती. ती सांगायला जीभ रेटत नाही. आम्ही ठाकूर, आम्हीही आदिवासीच. आमच्या वाडीतही कातकऱ्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नाही. माझ्या आईनं कधी घेतलं नाही. अख्खं सभागृह एका कातकऱ्याच्या पोरीला हसत होतं आणि मला तिच्या बाजूचा दिसायचं नव्हतं. मला हसणाऱ्यांच्या बाजूचा दिसायचं होतं. दोन सेकंद. त्यासाठी मी ते बोललो.

परतताना टेम्पोत ती माझ्या समोर बसली होती. सापगावचा पूल ओलांडला तेव्हा हळूच म्हणाली,

"सर, तुमी नव्हता काय तिथं?"

"गप बस. मोठे सर पुढं बसलेत."

ती गप बसली. कायमची.

शाळेत तिचं नाव पडलं, आकडेवाली. पहिल्यांदा शहापूरच्या पोरांनी म्हटलं, मग आपल्याच पोरांनी. जी पोरं टावरखाली नाचली होती, तीही. सर नाही म्हणाले म्हणजे नाही. मुलांचं काय चुकलं? मास्तर म्हणेल ते खरं, हे मीच शिकवलेलं.

मग एक दिवस स्वयंपाकघरातला बल्ब गेला. कुणी काढून नेला कळलं नाही. मोठे सर प्रार्थनेला उभ्या असलेल्या रांगेसमोर म्हणाले, "आकडेवालीला विचारा. तिला विजेची आवड आहे." बुधीची पत्र्याची पेटी मैदानात आणली. सगळ्यांसमोर उघडली. एक फणी, दोन परकर, चिंचोके, आईचं फाटकं लुगडं. लुगडं झटकलं. बल्ब नाही. मोठे सर म्हणाले, "लपवला असेल." पेटी तशीच उघडी टाकून प्रार्थना सुरू झाली. मी रांगेच्या शेवटी उभा होतो. हात जोडून.

मी बोललो असतो तर पेटी उघडली नसती. एवढं सरळ आहे हे.

मी पुन्हा सूर्य तप्त वायूचा गोळा आहे असं लिहून द्यायला लागलो. पदार्थाच्या अवस्था किती? तीन. बुधी खाली मान घालून लिहायची, तीन. हात वर करणं तिनं बंद केलं.  सकाळी दार उघडलं की समोर ती खिडकी. वाटायचं, सोडून जावं. पण जाऊ कुठं? वाडीत बाप सगळ्यांना सांगत फिरत होता, पोरगा लवकरच कायम होणार.

पुढच्या वर्षी शहापूरच्या त्याच सभागृहात एक कार्यक्रम ठरला. मुंबईहून शास्त्रज्ञ बाई येणार होत्या. ग्रामीण शाळांतल्या मुलांना प्लाझ्मा आणि सूर्यातली ऊर्जा दाखवायची, असा त्यांचा उपक्रम होता. यंत्रं घेऊन. मला वाटलं, देवच पावला. आता बुधीला सगळं दिसेल, माझ्या तोंडून नाही तर यंत्रातून. मी मोठ्या सरांना विचारलं, आठवी नववी दोन्ही वर्ग नेऊ का?

"न्या की. आपल्याला स्वागताचा नाच दिलाय."

नाच. आमच्यात नाच आहे. गौरीला आहे, लग्नात आहे. पण मोठ्या सरांना वेगळा हवा होता. पोरींच्या डोक्याला आंब्याचे डहाळे बांधायचे, गालांवर चुन्याचे ठिपके काढायचे. आमच्यात असं कुणी करत नाही. ठाकूर नाही, कातकरी नाही, कुणीच नाही. मोठ्या सरांनी ते कुठल्या तरी मिरवणुकीत पाहिलेलं. मी म्हणालो, "बरं सर." आणि डहाळे मीच तोडून आणले.

बांधताना बुधी म्हणाली, "नको गो जोरात बांधू. वाटेत शेळी भेटली तर डोकंच खाईल." पोरी खिदळल्या. तिला त्या वर्षात मी पहिल्यांदा बोलताना ऐकलं. माझ्याशी नव्हती बोलली.

नाच झाला. टाळ्या झाल्या. बाईंनी पोरींच्या पाठीवर हात फिरवला. चांगल्या होत्या बाई. मग सभागृह भरलं, शहापूरच्या शाळांच्या पोरांनी. आमच्या पोरांना ओसरीत बसवलं, वडापाव दिले. जागा नाही म्हणाले. पोरं वडापाव हातात धरून खिडक्यांना लागली. गजांत तोंडं, डोक्याला डहाळे.

मी आत दाराशी उभा होतो. बाई फार सोपं बोलत होत्या. म्हणाल्या, "ही वस्तू एवढी तापलेली, की हिला ठेवायला भांडंच नाही. भिंतीला लागली तर भिंत खराब आणि ही विझणार. म्हणून चुंबकानं हिला न शिवता धरून ठेवतात. मधोमध. कुठं टेकू द्यायचं नाही आणि बाहेर जाऊही द्यायचं नाही."

 न शिवता धरून ठेवायचं. ही विद्या मला पुस्तकातून शिकायची गरजच नव्हती. मी तिच्यातच वाढलो होतो. आणि शिकवतही होतो.

मग बाईंनी टेबलावर काचेचा गोळा ठेवला. म्हणाल्या, "हे दिसायला अंधार हवा. जरा खिडक्या लावता का कुणी?"

मोठ्या सरांनी मला खूण केली. "तेवढ्या खिडक्या लावून घ्या हो."

मी गेलो. पहिली लावली. बाहेरची पोरं मागं सरली. दुसरी लावली. कुणीतरी बाहेरून म्हणालं, "ए, काय दिसला रे?" तिसऱ्या खिडकीत बुधी होती. तिची बोटं चौकटीवर. मी झडप धरून उभा राहिलो.

तिनं बोटं काढून घेतली. स्वतःच. म्हणाली, "लावा सर."

राग नव्हता आवाजात. काहीच नव्हतं. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही हे पक्कं झालंय, अशा माणसाशी बोलतात तसं. लावा सर.

मी ती झडप उघडी टाकली. मागं फिरलो. दुसरी उघडली. पहिली उघडली. दुपारचं ऊन आत घुसलं. गोळ्यातल्या विजेच्या जांभळ्या फांद्या नुकत्याच उमलत होत्या, त्या फिकट झाल्या. पोरं ओरडली.

"अहो गुरुजी, अंधार करायचाय!" मोठे सर.

"बाहेरची पोरं आत येऊ देत. मग करू."

"जागा कुठंय?"

"खाली बसतील. नाहीतर आतली खाली बसतील."

बाई मध्येच गोड आवाजात म्हणाल्या, "आपण त्यांच्यासाठी नंतर वेगळा कार्यक्रम घेऊ ना."

"वेगळा नको, बाई." आवाज नको तेवढा मोठा निघाला. मला तो माझा वाटेना. "वेगळंच चाललंय आजवर."

पुढच्या रांगेत ते परीक्षक बसले होते. मी त्यांच्याकडं वळलो. "सर, गेल्या प्रदर्शनात तुम्ही मला विचारलं होतं, स्वतः पाहिलंय का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. ट्यूब पेटली होती. मी आणली होती. वर्ग मी नेला होता. ही पोरगी खरं बोलत होती, खोटं मी बोललो."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. "गुरुजी, ही वेळ आहे का हे बोलायची?"

"वेळ तेव्हा होती. तेव्हा बोललो नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "सकाळीच टाकून आलाय वाटतं." हशा. तोच हशा, त्याच सभागृहात. या वेळी माझ्यावर. सांगतो, तो सोसायला जड नव्हता. एवढ्यासाठी मी एका पोरीला विकलं होतं, याचंच आश्चर्य वाटलं.

मी दार उघडून धरलं. काही पोरं आत आली, बिचकत. डहाळ्यांची पानं फरशीवर पडत होती. शहापूरच्या पोरांनी पाय आखडून घेतले. बुधी आली नाही. मी बाहेर गेलो. ती पायरीवर बसून डोक्याची पानं सोडवत होती.

"चल ना आत."

"मला नाय यायचा."

"मी सांगितलं सगळ्यांना. खरं सांगितलं."

"ऐकला मी." तिनं दोऱ्याची गाठ दातानं तोडली. "तुमी सांगितल्यावर ते हसले. मंग तेंला खरा वाटला काय?"

मी पायरीवरची पानं गोळा करू लागलो.

मला शेरा जसा मिळायचा तसा मिळाला. कायम झालो नाही. खोली सोडताना मोठे सर म्हणाले, "हुशार होतात. वाया घालवलंत." बाप सहा महिने माझ्याशी बोलला नाही. पुढं मुरबाडच्या बाजूला एका शाळेत तासावर लागलो. अजून तिथंच आहे. माझ्याबरोबरचे कायम होऊन मोकळे झाले. बुधी नववीनंतर भट्टीवर गेली, ती परत शाळेत आली नाही.

किती तरी वर्षांनी ती मुरबाडच्या बाजारात दिसली. करटुली विकत होती. मांडीवर मूल. मी ओळखलं, तिनंही ओळखलं. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो, तेव्हाचं, चुकलो, असं काहीतरी. तिनं करटुली मोजून माझ्या पिशवीत टाकली. म्हणाली,

"सर, तो बल्ब सापडला काय मंग?"

मला आधी कळेचना. "कुठला बल्ब?"

"स्वयंपाकघरातला."

"नाही. कुणी शोधलाच नाही."

"म्हंजे अजून माझ्याच नावावर हाय." ती हसली. खरंच हसली. मग पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

मी सभागृहात काय बोललो, काय उघडलं, त्यानं तिचं काही फिटलं नाही. मी मोकळा झालो, ती नाही झाली. म्हणून मला माफी नको. ती मागायचीही मी बंद केली.

मी एवढं करतो. दर वर्षी आठवीला पदार्थाच्या अवस्था शिकवतो. पुस्तकात किती का असेनात, मी चार शिकवतो. सूर्यातली भट्टी शिकवतो, तिची राख शिकवतो. जवळच्या लाईनखाली पोरं नेतो, आईबापांना सांगून, उजळ माथ्यानं, दिवस बुडताना. त्याच्यावर तक्रार गेली आहे. चौकशी येणार म्हणतात. येऊ दे. पोरांच्या हातात ट्यूब देण्याआधी मी सांगतो, हे मला एका कातकऱ्याच्या मुलीमुळं सुचलं. तिचं नाव बुधी. ती खरं बोलत होती. आणि भर सभेत ती खोटी आहे असं म्हणणारा मास्तर मी. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जीभ उचलत नव्हती. आता उचलते.

पोरं एकमेकांकडं बघतात. मास्तर स्वतःला खोटारडा म्हणतो, हे त्यांना झेपत नाही. कुणीतरी हळूच विचारतं, मग सर, तुमचं आम्ही खरं मानायचं का?

मी सांगतो, नाही मानायचं. माझं नाही, पुस्तकाचं नाही, पाहुण्याचं नाही. डोळ्यानं पाहिलंत ना, मग अख्खी सभा हसली तरी पाहिलं म्हणा. मी समोर उभा राहून नाही म्हणालो, तर मला तिथल्या तिथं, माझ्या तोंडावर खोटं पाडा.